भाजावळीची माती आणि धातुशोधक

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा नदीकाठचा आमचा चौदा गुंठ्यांचा मळाही पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर खाचरांत चार बोटे गाळ बसला होता आणि त्या गाळात पत्र्यांचे तुकडे, छपराचे हूक, तारा, बिजागऱ्या आणि लाकडांत ठोकलेले असंख्य खिळे रुतलेले होते. जे दिसले ते आम्ही ऑगस्टमध्ये हाताने वेचले आणि शेत साफ झाले असे समजलो. तो समज चुकीचा ठरला. ऑक्टोबरमध्ये वाचलेल्या भाताची कापणी चालू असताना, आमच्याकडे वर्षानुवर्षे लावणी-कापणीला येणाऱ्या एका काकींच्या तळपायात पत्र्याचा गंजलेला खिळा आरपार गेला. धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर मिळाले, जखमही भरली. परंतु पुढच्या जुलैत याच माणसांना याच चिखलात अनवाणी उभे करायचे आहे, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. लावणी बूट घालून होत नाही, कारण चिखलात बूट रुतून बसतो. त्यामुळे लोखंड काढण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

लोहचुंबकाचा दांडा शेतातून ओढावा, असे अनेकांनी सुचवले आणि मी तो ओढलाही. मात्र चुंबक वरचेवर पडलेलेच लोखंड उचलतो; बोटभर मातीखालचा खिळा जागचा हलत नाही, आणि तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेला तर तो ओळखतही नाही. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मी एक जुना, छंद म्हणून वापरला जाणारा धातुशोधक विकत घेतला. मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा अभ्यासक्रम केलेला आहे, त्यामुळे यंत्र उघडावे लागले तरी अडचण येणार नाही, एवढा विश्वास होता.

हे यंत्र ज्यांच्यासाठी बनवले जाते, त्यांची गरज माझ्या गरजेच्या नेमकी उलट असते, हे प्रथम सांगितले पाहिजे. छंद म्हणून शोध घेणाऱ्याला नाणे किंवा अंगठी हवी असते आणि खिळा ही त्याच्या दृष्टीने अडगळ असते. त्यामुळे खिळ्याचा आवाज दाबून नाण्याचा तेवढा ऐकवावा, यासाठी यंत्रात खास सोय केलेली असते. मला नेमका खिळाच हवा होता. ती सोय बंद करून सर्व धातूंना प्रतिसाद देणाऱ्या स्थितीत यंत्र ठेवता येत होते, आणि घराच्या अंगणात त्या स्थितीत अडीच इंची खिळा यंत्राच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीपासून वीतभर अंतरावर स्पष्ट वाजत होता. शेतात नेल्यावर मात्र यंत्र सतत वाजू लागले. चकती जमिनीजवळ नेली की आवाज चढे, उचलली की उतरे. संवेदनशीलता कमी केली तर आवाज थांबे, पण मग खिळाही ऐकू येईनासा होई. वरच्या बांधालगतच्या एका तुकड्यात तर एवढा कल्लोळ झाला की तिथे लोखंडाचा साठाच पुरला गेला आहे, अशी माझी खात्री झाली. दोन सकाळी मी तिथे हातभर खणले, माती चाळणीने चाळली, आणि एक साधी टाचणीही हाती लागली नाही.

उत्तर वडिलांनी दिले. मी खणलेल्या जागेकडे पाहून ते म्हणाले, “अरे, ही दाढीची जागा. इथे आपण दरवर्षी भाजावळ करतो. भाजून भाजून माती तांबडी पडली आहे, बघ.”

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भाताची रोपे जिथे तयार करायची ती जागा म्हणजे दाढ. ती उन्हाळ्यात शेण, कवळ (तोडलेल्या पालेदार फांद्या), पातेरा (सुका पाला) आणि वर मातीचा थर पसरून भाजली जाते, यालाच भाजावळ म्हणतात. त्याने तणांचे बी जळते आणि राख मातीत मिसळते. आमच्या या तुकड्यात किती पिढ्यांनी भाजावळ केली, हे वडिलांनाही सांगता आले नाही. मी लगेच दोन कागदांवर दोन ठिकाणची वाळलेली माती घेतली आणि कागदाखालून चुंबक फिरवला. मळ्याच्या मधल्या मातीतले थोडे कण हलले. दाढीच्या जागेतल्या मातीतून मात्र दाट काळपट कणांच्या मिशा उभ्या राहिल्या. जांभ्याच्या प्रदेशातली आमची माती मुळातच लोहसंयुगांनी भरलेली आहे. त्यात पालापाचोळ्यासह ती तापली की त्या संयुगांचा काही भाग चुंबकाला खेचला जाणाऱ्या रूपात बदलतो. यंत्र खोटे बोलत नव्हते. ते मातीतले लोखंडच सांगत होते, फक्त पायात घुसणारे नव्हे.

येथे यंत्राचे काम थोडे समजून घ्यावे लागते. चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून दिशा बदलत राहणारा प्रवाह जातो. माझ्या यंत्रात तो सेकंदाला सुमारे साडेसहा हजार आवर्तने करतो. दुसरे वेटोळे अशा रीतीने बसवलेले असते की, आसपास काही नसेल तेव्हा पहिल्याचा परिणाम त्यात जवळजवळ शून्य व्हावा. धातू जवळ आला की त्यात भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे छोटे विद्युतप्रवाह, उत्पन्न होतात आणि त्यांचे उत्तर किंचित उशिरा परत येते. चुंबकीय मातीचे उत्तर मात्र मूळ क्षेत्राच्या जवळजवळ पावलावर पाऊल ठेवून येते. यंत्रातले सर्किट प्रत्येक आवर्तनात एका ठरावीक क्षणी ऐकते, आणि तो क्षण असा निवडलेला असतो की मातीचे उत्तर त्या वेळी शून्यातून जात असावे. यालाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात. अडचण अशी की भाजलेल्या मातीतले अतिसूक्ष्म कण स्वतःही थोडा उशीर करतात, त्यामुळे कारखान्यात ठरवलेला क्षण अशा मातीला लागू पडत नाही. आणि लहान खिळ्याचे उत्तर हे नाण्याच्या उत्तरापेक्षा मातीच्या उत्तराला अधिक जवळचे असते. नाणे शोधणाऱ्याला हा क्षण थोडा चुकलेला चालून जाईल. खिळे शोधणाऱ्याला तो चालत नाही.

महागड्या यंत्रांत हा तोल साधण्यासाठी बाहेर बटण असते. माझ्या यंत्रात ते नव्हते, परंतु तोल साधणारा भाग आत असणारच, या विचाराने मी पेटी उघडली. पहिले काम म्हणून बोर्डाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढली आणि प्रत्येक प्रीसेटच्या (पेचकसाने फिरवून रोध कमी-जास्त करायच्या छोट्या भागाच्या) खाचेची मूळ जागा पेनने खूण करून ठेवली. असे काम प्रथमच करणाऱ्याने ही पायरी कधीही टाळू नये. बोर्डावर चार प्रीसेट होते. त्यांपैकी कोणता ग्राउंड बॅलन्सचा, हे शोधण्यासाठी मी एकेक प्रीसेट प्लॅस्टिकच्या पेचकसाने अगदी थोडा फिरवून आवाजातला फरक पाहिला आणि लगेच खुणेवर परत आणला. लोखंडी पेचकस इथे उपयोगाचा नाही, कारण चकती जवळ असेल तर यंत्र त्यालाच प्रतिसाद देते.

हे पहिले प्रयोग मी घरातल्या पत्र्याच्या टेबलावर केले आणि पूर्ण संध्याकाळ वाया घालवली, कारण दर वेळी निष्कर्ष वेगळा येत होता. टेबल बदलले तरी फरक पडेना. मग लक्षात आले की पायाखालच्या स्लॅबमध्येही सळ्या आहेत. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशाच तत्त्वाचे यंत्र वापरले होते. गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी शरीराच्या एकाच बाजूला शोध घेऊ दिला हे एक कारण, आणि गादीतल्या पोलादी तारांनी यंत्राचा गोंधळ उडाला हे दुसरे सांगितले जाते. हा प्रसंग मी विद्यार्थिदशेत वाचला होता. त्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी खऱ्या अर्थाने समजला. दुसऱ्या दिवशी सगळा सरंजाम मी मांगरात, म्हणजे शेतातल्या झोपडीवजा खोपीत, हलवला, जिथे जमीन सारवलेली आहे आणि बाकडे लाकडी, खुंट्या ठोकून जोडलेले आहे. चकती बाकड्यावरून हातभर बाहेर टांगून मग काम पुढे नेले.

योग्य प्रीसेटवर १०४ असा आकडा होता, म्हणजे दहावर चार शून्ये, एक लाख ओहम. तो बोर्डावर असतानाच मीटर लावला तर बाजूच्या भागांमुळे आकडा चुकीचा येतो, म्हणून डीसोल्डर पंपाने कथिल ओढून मी तो बाहेर काढला आणि मोजला. मधला पाय एका टोकापासून ३४ हजार ओहमवर होता. तिन्ही पायांना तारा जोडून प्रीसेट तात्पुरता बाहेर घेतला, मळ्यात गेलो, आणि चकती वरखाली केल्यावर आवाज बदलू नये अशी जागा शोधली. ती ३९ हजारांच्या आसपास निघाली. दाढीच्या जागेत तीच ४३ हजारांच्या जवळ गेली. फरक आकड्यांत लहान दिसतो, पण त्या प्रीसेटवर तो केसभर हालचालीचा आहे, आणि शेतात उभे राहून केसभर हालचाल साधत नाही.

म्हणून संपूर्ण एक लाखाचा पल्ला बटणावर घेण्याऐवजी मी गरजेपुरताच भाग घेतला: एका बाजूला २७ हजारांचा स्थिर रोध, दुसऱ्या बाजूला ५६ हजारांचा, आणि मध्ये २० हजारांचा, दहा वेढे फिरणारा पॉट, म्हणजे बटणाने बदलता येणारा रोध. एकूण बेरीज एक लाखाच्या अगदी जवळ राहते, त्यामुळे सर्किटच्या बाकीच्या भागाला बदल जाणवत नाही. आणि कारखान्याची ३४ हजारांची जागा, मळ्याची आणि दाढीची जागा, तिन्ही या पल्ल्यात येतात. दहा वेढ्यांचा पॉट आणि त्यावरची आकड्यांची तबकडी मला पुण्यात तपकीर गल्लीत मिळाली. यंत्राच्या पेटीला भोक पाडून पॉट बसवला. पहिल्या जोडणीत मी साध्या तारा वापरल्या आणि पेटीजवळ हात नेला तरी आवाज डळमळू लागला. त्या काढून कवचाची शील्ड वायर शक्य तितकी आखूड ठेवून लावली आणि कवच एकाच टोकाला बोर्डाच्या ग्राउंडला जोडले, तेव्हा यंत्र शांत झाले. कवच दोन्ही टोकांना जोडण्याचा मोह होतो, तो टाळावा.

विजेबाबत थोडक्यात: नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या लवकर संपतात म्हणून पॉवर बँकेतून व्होल्टेज वाढवणारे छोटे मॉड्यूल लावून पाहिले. त्या मॉड्यूलची स्वतःचीच खरखर एवढी होती की ते त्याच दिवशी काढून टाकले. नंतर चार्ज होणाऱ्या नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेतल्या.

खरी परीक्षा चकतीने घेतली. कोरड्या जमिनीवर चांगले चालणारे यंत्र पहाटेच्या दवात भिजलेल्या धसकटांना चकती लागली की टिचटिच आवाज करी. ओल्या गवताचा आणि वेटोळ्याचा विद्युत संबंध बदलतो आणि यंत्राला तो संकेत वाटतो. चांगल्या चकत्यांत यासाठी आतून कवच दिलेले असते, माझ्या चकतीत ते नव्हते. चकतीचे दोन भाग सांध्यावर पातळ पात्याने सोडवले, तेव्हा आतली वेटोळी केवळ गरम गोंदाच्या ठिपक्यांवर बसवलेली आढळली. प्रथम मी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद आतून पूर्ण वर्तुळात चिकटवला आणि यंत्र जवळजवळ बहिरे झाले, कारण धातूचे पूर्ण वर्तुळ म्हणजे टोके जोडलेला एक वेढाच होतो आणि त्यात ऊर्जा वाया जाते. हे मला शिकवले गेले होते, तरीही घाईत चूक झाली. वर्तुळात बोटभर फट ठेवली तेव्हा ऐकू येऊ लागले, परंतु कागद किंचित हलला तरी दोन वेटोळ्यांमधला तोल ढळत असे. अखेर कुलपात घालायची ग्रॅफाइटची पूड पांढऱ्या गोंदात पाणी घालून कालवली आणि त्या काळ्या लेपाचे दोन हात चकतीच्या आतल्या पृष्ठभागावर, तीच बोटभर फट सोडून, दिले. वाळल्यावर त्यावर एक बारीक तार चिकटवून ती केबलच्या ग्राउंडला जोडली. टिचटिच थांबली.

चकती परत बंद करताना वेटोळी इपॉक्सीने पक्की करावीत असे ठरवले, आणि या टप्प्यावर घाई करणाऱ्याची चकती कायमची निकामी होऊ शकते. इपॉक्सी घट्ट होताना तापते, आणि एक मिलिमीटरचाही सरक दोन वेटोळ्यांमधला शून्य बिघडवतो. मी आतल्या वेटोळ्याच्या टोकांना मीटर लावून, यंत्र चालू ठेवून, पातळ पातळ थर तीन दिवस ओतले. प्रत्येक थर लवचिक असेपर्यंत लाकडी काडीने वेटोळे ढकलत आकडा सर्वांत खाली आणायचा, तो स्थिर होईपर्यंत बसून राहायचे, आणि मगच पुढचा थर. दुसऱ्या दिवशी एका थराने आकडा वर नेला. तो थर पूर्ण घट्ट होण्यापूर्वी खरवडून काढावा लागला.

मे महिन्यात पहिली उखळ, म्हणजे पहिली नांगरणी, झाल्यावर यंत्र शेतात उतरले. तोल साधायचा तर धातू नसलेली जागा हवी, आणि आमच्या मळ्यात तशी जागा आहे असे छातीठोकपणे सांगता येत नव्हते. म्हणून दोन फूट लांबीरुंदीचा खड्डा घेऊन त्यातली सगळी माती चाळली आणि परत भरली. त्या जागेवर चकती गुडघ्यापासून जमिनीपर्यंत वरखाली करत तबकडी फिरवली. मळ्यासाठी आकडा ६ वर स्थिरावला. दाढीच्या जागेत असाच दुसरा खड्डा केला. तिथे तो ८ च्या जरासा अलीकडे आला. दोन्ही आकडे मी पेटीवर मार्करने लिहिले. सकाळी दहा वाजल्यानंतर ऊन तापले की पेटी गरम होऊन तोल सरकतो, त्यामुळे सकाळीच काम करायचे आणि दर अर्ध्या तासाने त्या खड्ड्यावर येऊन तोल तपासायचा, हा नियम केला.

शोध सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट केली, तिचा उल्लेख आवश्यक आहे. हातात असे यंत्र घेऊन कोणी शेतात फिरू लागला की गावात गुप्तधनाची कुजबुज सुरू होते, आणि त्यातून माणसे एकमेकांच्या बांधावर संशयाने पाहू लागतात. मी पोलीस पाटलांना आणि शेजारच्या शेतकऱ्यांना यंत्र दाखवले, काय शोधतो आहे ते सांगितले आणि निघालेले सर्व लोखंड बांधावर उघड्यावर ठेवायचे ठरवले. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे, १८७८ च्या कायद्यानुसार शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे. असे काही सापडले नाही, परंतु हे आधीच बोलून ठेवल्यामुळे शेजारी स्वतःहून मदतीला आले.

सुतळीने मीटरभर रुंदीचे पट्टे आखून, चकतीचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढेल अशा बेताने, अतिशय सावकाश चालत चौदा गुंठे पूर्ण करायला पाच सकाळी लागल्या. वडील मागून खुरपे आणि चुंबक घेऊन येत. मी जागा दाखवायची आणि त्यांनी काढायचे. आडवा पडलेला खिळा चार-पाच इंचांपर्यंत कळत असे, उभा असेल तर त्याहून थोडा कमी. दाढीच्या तुकड्यात मी आधी दोन सकाळी व्यर्थ खणले होते. तिथे आकडा ८ जवळ ठेवून फिरलो तेव्हा जमीन गप्प राहिली आणि सतरा खिळे वाजले. पहिल्या फेरीत एकूण सहा किलोंहून अधिक लोखंड निघाले. दुसऱ्या नांगरणीने खालची माती वर आल्यावर पुन्हा फिरलो, तेव्हा दीड किलो निघाले. तांब्याच्या तारेची वेटोळी आणि पत्र्याचे सात हूक त्यात होते. हूक सर्वांत धोकादायक, कारण त्यांचे टोक नेहमी वर वळलेले असते.

एका कोपऱ्यात, विद्युत पंपाच्या जुन्या पाइपलाइनजवळ, यंत्राचा काहीही उपयोग झाला नाही. पाइपचाच आवाज सर्व झाकून टाकतो. तिथे लहान चकती लागेल, आणि मूळ वेटोळ्यांशी जुळणारी चकती घरी गुंडाळण्याचा माझा एक प्रयत्न फसलेला आहे. तो दहा फूट लांबीचा पट्टा आम्ही फावड्याने उकरून हाताने चाळला.

जुलैत लावणी झाली. काकी पहिल्या दिवशी बांधावर थांबल्या, बांधालगत ठेवलेली लोखंडाची बादली त्यांनी हलवून पाहिली, आणि मग चिखलात उतरल्या. त्या वर्षी आणि त्यानंतरच्या लावण्यांत कोणाच्या पायाला लोखंड लागले नाही. दर मे महिन्यात मी एक फेरी मारतो. गेल्या वर्षी अकरा खिळे निघाले. यंदा मात्र आम्ही दाढ वरच्या खाचरात भाजली आहे. तिथल्या मातीचा आकडा पेटीवर लिहिलेल्या दोन्ही आकड्यांशी जुळत नाही, तो पाऊस पडण्यापूर्वी काढून घ्यायचा आहे.